मायेची तूट

डॉक्टर बोलत होते माझ्याशी, पण बघत होते माझ्या सासूबाईंकडे. गरोदरपणी मन कसं होतं, बाळंतपणानंतर रडू यायचं का, मुलगी रांगायच्या आधीच दुकान पुन्हा उघडलं का, असं एकेक विचारत होते. मी प्रत्येकाला हो म्हणत गेले, कारण ते खरंच होतं. बाळंतपणानंतर न रडलेली बाई मला अजून भेटायची आहे. आणि दुकान उघडलं नसतं तर घराचं भाडं डॉक्टर भरणार होते का, ते काही त्यांनी सांगितलं नाही. माझी बोराम तेव्हा पाच वर्षांची होती. ती टेबलाखाली बसून कडेची रबरी पट्टी दाबत होती, सोडत होती, पुन्हा दाबत होती. हाक मारली तर बघायची नाही, कोणाशी बोलायची नाही, पण रेडिओवरच्या जाहिराती शब्दन् शब्द म्हणून दाखवायची. म्हणून आम्ही सोलमधल्या त्या मोठ्या हॉस्पिटलात आलो होतो.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि एक लांबलचक नाव घेतलं. मला ते एकदा ऐकून कळलं नाही.

"सोप्या भाषेत सांगायचं तर मायेची तूट," ते म्हणाले. "आईची नजर आणि आईचा हात पुरेसा मिळाला नाही की मूल असं मिटून जातं. हा ऑटिझम नाही. आईनं मनावर घेतलं तर सगळं भरून निघेल."

"म्हणजे रक्तात काही नाही ना, डॉक्टर?" सासूबाईंनी विचारलं.

"रक्ताचा प्रश्नच नाही, आजी."

बाहेर आल्यावर सासूबाईंनी मला समोरच्या हॉटेलात नेलं आणि बैलाच्या हाडांचं पांढरं सूप मागवलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या बाईनं मला कधी पाण्याला विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या वाडग्यातले मांसाचे तुकडे चॉपस्टिक्सनं उचलून माझ्या भातावर ठेवले. "खा गं, आता तुला ताकद लागेल," म्हणाल्या. मला वाटलं, माझी दया आली असेल. मी रडत रडत ते सगळं मांस खाल्लं.

बाजाराच्या गल्लीत माझं तोंडीलावण्यांचं दुकान होतं. गोड्या सोयामध्ये परतलेले सुके मासे, कमळाचे देठ, मुळ्याची किमची, मिठात मुरवलेली क्केनिपची उग्र वासाची पानं. पानं नीट रचून ठेवायचं काम बोरामचं. सगळे देठ एका बाजूला, पान पानावर बरोब्बर. ते करताना ती तासन् तास शांत असायची, मध्येच स्वतःशी हसायची. डॉक्टरांना मी हे कौतुकानं सांगितलं, तर एवढ्याशा पोरीला कामाला जुंपलं असं त्यांच्या कपाळावर उमटलं. दुकान मी त्याच महिन्यात बंद केलं. शेजारच्या मासळीवालीनं ते घेतलं आणि भिंत पाडून आपलं दुकान वाढवलं.

मग उपचार सुरू झाले. उपचार म्हणजे मीच. बोरामला मिठीत घट्ट धरायचं, तिचं तोंड आपल्याकडे वळवायचं आणि ती डोळ्यांत बघेपर्यंत सोडायचं नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, औषधासारखं. पोरीला अंगाला हात लागलेला सोसत नव्हता. ती पाण्यात टाकलेल्या मांजरासारखी ओरबाडायची, किंचाळायची, शेवटी दमून लुळी पडायची आणि छताकडे बघायची. सासूबाई रोज सकाळी यायच्या, जमिनीवर बसून लसूण सोलायच्या आणि तिथून मला शिकवायच्या. घट्ट धर, मनापासून धर, तुझं मनच लागत नाही. माझा नवरा कीह्यॉन तसा स्वभावानं वाईट नाही. तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.

खालच्या मजल्यावरची बाई आधी आवाजाची तक्रार घेऊन आली. मी तिला आजाराचं नाव सांगितलं. आठवड्याभरात सगळ्या बिल्डिंगला ते पाठ झालं. लिफ्टमध्ये बायका बोरामच्या गालाला हात लावायच्या, ती आक्रसून जायची, मग त्या माझ्याकडे बघायच्या. पोरीला कोणाची सवयच नाही बिचारीला, असं म्हणायच्या. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात. आमच्याकडे तर पखालीलाच आजारी ठरवून टाकलं होतं. माझं नाव गुमरान, पण ते आता फक्त बँकेत उरलं होतं. आधी मी बोरामची आई होते, नंतर "ती बोरामची आई" झाले.

सगळ्यात चीड कशाची येते सांगू? मला पटलं होतं. डॉक्टर म्हणाले, नवरा म्हणाला, शाळेतल्या बाई म्हणाल्या, टीव्हीवरचे एक तज्ज्ञ म्हणाले. पोरगी झोपली की मी तिच्याकडे बघत बसायचे आणि शोधायचे, माझ्या आत नक्की कुठे माया कमी आहे. घरातलं हरवलेलं भांडं शोधावं तसं शोधायचे.

बोराम चौथीत असताना शाळेत अभ्यासवाले आले. विद्यापीठातली माणसं होती. हॉस्पिटलात आलेली मुलं नव्हे, तर गावातल्या साध्या शाळांमधली सगळीच मुलं त्यांना बघायची होती. ऑटिझम असलेली किती मुलं कोणाच्या लक्षात न येता मागच्या बाकावर बसली आहेत, ते त्यांना शोधायचं होतं. यावरून शाळेच्या फाटकाशी बायकांची मोठी सभा भरली. आमच्या वसाहतीत असली मुलं निघाली म्हणून पेपरात आलं तर फ्लॅटचे भाव पडतील, असं सभेच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या. पोरांचं काय व्हायचं ते होवो, भिंतींना धक्का लागता कामा नये. पालकांनी भरायचे प्रश्न घरी आले, तेव्हा कीह्यॉन म्हणाला, "सगळीकडे 'नाही' लिहून टाक. चांगल्या घरच्या आया तेच करतायत." मी खरं ते लिहिलं. चांगल्या घरच्यांना अब्रूची काळजी असते, माझी तर कधीच वेशीवर टांगली गेली होती.

पुढची तपासणी शाळेच्या संगीताच्या खोलीत झाली. तपासणाऱ्या बाईंचं आडनाव मेंग. बारीक, केस कसेतरी बांधलेले, पायात झिजलेले बूट. मेंग मॅडमनी बोरामला एकदाही "माझ्याकडे बघ" म्हटलं नाही. त्या जमिनीवर बसल्या, बाहुलीचा वाढदिवस मांडला, मातीचा केक, काड्यांच्या मेणबत्त्या. बोरामनं बाहुलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं मेणबत्त्या काढून लहान-मोठ्या क्रमानं ओळीत लावल्या. मॅडमनी त्यातली एक उचलली, तेव्हा बोरामनं त्यांचा हात मनगटाशी धरून काडी होती तिथे परत ठेवायला लावली, जणू तो हात कोणाचा नसून चिमटाच आहे. मी शरमेनं खाली बघितलं. मॅडम मात्र खुशीत दिसल्या.

नंतर दुसऱ्या एका दिवशी त्यांनी मला सबंध दुपार प्रश्न विचारले. लहानपणी चंद्राकडे बोट दाखवायची का. एखादी वस्तू आवडली तर तुम्हाला आणून दाखवायची का. कोणत्या आवाजानं कान झाकायची. मी बोलत गेले, बोलत गेले, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं, की ही बाई बोरामबद्दल विचारते आहे. मी कशी होते, ते तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

निकाल सांगायला त्यांनी मला एकटीलाच बोलावलं.

"बोरामला ऑटिझम आहे," मॅडम म्हणाल्या. "जन्मापासूनच आहे. मुलं अशी का होतात, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. पण प्रेम कमी पडलं म्हणून होत नाहीत, एवढं नक्की ठाऊक आहे."

त्यांना वाटलं असेल, मी रडेन, त्यांचे हात धरेन. त्यांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवून ठेवला होता. मला एवढा संताप आला की तो डबा भिंतीवर फेकावासा वाटला.

"मग मी इतकी वर्षं काय करत होते?" मी म्हटलं. "रोज पोरीला पकडून तिचा छळ करत होते ना? तेव्हा तुम्ही सगळे कुठे होतात?"

समजूत घालायच्या भानगडीत मॅडम पडल्या नाहीत, म्हणून मी उठून गेले नाही. डबा बाजूला सारून त्या म्हणाल्या, "हे मायेच्या तुटीचं नाव आम्हाला खूप मुलांच्या बाबतीत सापडतं. डॉक्टर ते दयेपोटी देतात. ऑटिझम म्हटलं की आजोबा, काका, आत्या, सगळ्या घराण्यावर डाग. पुढची लग्नं अडतात. मायेची तूट म्हटलं की एकटी आई. घरच्यांना ते परवडतं."

परवडतं. त्या दिवशी हॉटेलात माझ्या भातावर मांस का पडत होतं, ते मला तेव्हा कळलं. घराणं वाचलं होतं, आणि वाचवणारीला सासूबाई खाऊ घालत होत्या. बकऱ्याला सण जवळ आला की घालतात तसं.

मॅडमनी पुढचं समजावलं. हा अभ्यास आहे, माझ्या परवानगीशिवाय शाळेला काही कळणार नाही. पण मी मुलीची अपंग म्हणून सरकारी नोंद करून घेतली, तर मार्चपासून बोरामला शाळेतल्या लहान वर्गात जागा मिळेल. तिथे मुलं मोजकी, शिकवणाऱ्या बाई त्यातल्या जाणकार, गोंगाट कमी. आणि ते मिठीत धरणं आजच्या आज बंद करा, असं त्या म्हणाल्या. ते मी खरोखरच त्या दिवसापासून बंद केलं. बोराम आठवडाभर संध्याकाळ झाली की भिंतीला पाठ लावून वाट बघायची. मग तिला समजलं, की आता कोणी येत नाही.

नोंदीचं ऐकून कीह्यॉन मोज्यांच्या घड्या घालत बसला. मग म्हणाला, "उनोकचं जमतंय."

उनोक त्याची धाकटी बहीण. विमा कंपनीत नोकरीला, तिशी उलटलेली, दोन ठिकाणी मोडलेलं. या वेळचा मुलगा चांगला होता, आणि दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. मुलाची आई मुख्याध्यापकांची विधवा, नाकासमोर चालणारी, आणि वधूच्या भावाच्या घरी "तसं" मूल आहे हे तिच्या कानावर गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. लसूण आणला नव्हता. माझ्यासमोर गुडघे टेकून बसल्या.

"लग्न होईपर्यंत थांब," त्या म्हणाल्या. "नंतर नोंद कर, काय हवं ते कर. मी शब्द देते. पोरीचं एकदा लागू दे."

"आई, आणि माझ्या पोरीचं?"

"तुझी पोरगी कुठे पळून जातेय? ती आहे तशीच राहणार ना?"

मी थांबले ते उनोकसाठी. ती मला कधी वाकडं बोलली नव्हती. बोरामला ती दुरूनच हात हलवायची, अंगचटीला यायची नाही. तेवढं आमच्या घरात दुसरं कोणी शिकलं नव्हतं.

लग्नाआधी दोन्ही घरची माणसं एकत्र जेवतात, ते आमच्याकडे टाळता येत नाही. मोठं हॉटेल, वेगळी खोली, सगळे ताठ बसलेले. बोरामला शेजारणीकडे ठेवलं होतं. मला काय बोलायचं ते आदल्या दिवशी सासूबाईंनी दोनदा म्हणवून घेतलं होतं. माशाचं मोठं ताट आलं आणि मुलाच्या आईनं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"विहीणबाई, रागावू नका. पण तुमच्या नातीबद्दल ऐकलंय. हे घराण्यातलं आहे का?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तूच सांग गं, बोरामची आई."

मी मान खाली घातली. ठरल्याप्रमाणे दोन्ही हात मांडीवर ठेवले. "चूक माझी आहे. मी दुकानाच्या मागे लागले. मुलीला जवळ घेतलं नाही. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं."

मग मुलाच्या आईनं केवढा तरी मोठा श्वास सोडला. रक्तातलं असतं तर अवघड होतं, म्हणाली. आजकालच्या मुलींना बाहेरची फार हौस, असंही म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली, क्षमा केल्यासारखी. मग सगळ्यांना भूक लागली. माशाचे तुकडे झाले, दारू ओतली गेली, कीह्यॉन मुलाच्या काकांशी बेसबॉलवर बोलायला लागला. माझ्या वाडग्यात कोणीतरी माशाच्या गालाजवळचा मऊ भाग ठेवला. उनोक स्वतःच्या वाडग्यात बघत बसली होती. मी तो तुकडा तिथेच राहू दिला. ताटं उचलायला आलेल्या मुलीनं तो इतर उष्ट्यात टाकला.

लग्न एप्रिलमध्ये झालं. बोरामला गर्दी सोसत नाही, कोणीतरी घरी थांबायला हवं, असं ठरलं, आणि ते कोणीतरी कोण हे ठरवायची गरज पडली नाही. सासूबाईंच्या बैठकीच्या खोलीत त्या लग्नाचा फोटो आहे. सगळं घराणं आहे त्यात, पाव्हणे-रावळे आहेत, कुठल्याशा दूरच्या चुलत्याची पोरंही आहेत.

मार्च तर हातचा गेलाच होता. पावसाळ्याआधी नोंद करते म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, उनोकला सासरी रुळू दे. पावसाळा संपला, तर म्हणाल्या, आता लगेच केलंस तर आपण फसवलं असं वाटेल. खोटं बोलायला एक दिवस लागला होता, ते मिटवायला मुहूर्तच मिळत नव्हता.

बोराम पाचवीत होती, चाळीस मुलांत. ऑक्टोबरात एका दुपारी ती घरी आली ती एकच वेणी घेऊन. दुसरी कानापाशी कापलेली होती. कोणी कापली ते तिला सांगता येत नव्हतं. ती आरशासमोर उभी राहून उरलेली वेणी ओढत होती, कारण दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. ते तिला सहन होत नव्हतं. मी कात्री आणली आणि दुसरीही कापली, तेव्हा ती शांत झाली. मग मी शाळेत गेले. वर्गशिक्षिका तरुण होती, गोड बोलणारी. मुलं मस्करी करतात हो, म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "घरी आईनं जरा लक्ष दिलं, तर बोराममध्ये आत्मविश्वास येईल."

आणखी थांबले असते तर हात उचलला असता. तशीच सासूबाईंकडे गेले आणि दारातूनच म्हटलं, उद्या नोंद करते. त्यांनी मला आत ओढलं. चेहरा फुलला होता. उनोकला दिवस गेले होते. आता बाळ सुखरूप होऊ दे, म्हणाल्या, मग खुशाल कर. मला वाटलं, बाळ झालं की त्याला शाळेत जाऊ दे म्हणतील, मग त्याचं लग्न होऊ दे म्हणतील. माझी पोरगी मात्र कुठे पळून जात नव्हती.

पुढच्याच आठवड्यात उनोक माझ्याकडे आली, एकटी, ऑफिसातून अर्धी रजा टाकून. पेअरची पिशवी घेऊन. पोट अजून दिसत नव्हतं, पण हात तिथेच होता. बोराम खिडकीशी बसली होती. उनोकनं तिला दुरून हात हलवला, सवयीप्रमाणे, आणि मग तिच्याकडे बघतच राहिली. याआधी ती असं बघत नसे. पोरीच्या बोटांकडे, मानेकडे, ओठांच्या हालचालीकडे. मी पेअर सोलायला घेतलं.

"वहिनी," ती म्हणाली, "एक विचारू? ती चूक तुमचीच होती ना?"

मी सुरी खाली ठेवली.

"तुम्हीच म्हणाला होतात, सगळ्यांसमोर," ती घाईघाईनं म्हणाली. "दुकानामुळे झालं, जवळ घेतलं नाही म्हणून झालं. मी नोकरी सोडणार आहे. बाळाला खाली ठेवणारच नाही. मग होणार नाही ना तसं? सांगा ना, वहिनी."

हो म्हणणं किती सोपं होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर घासून गुळगुळीत झालं होतं. इतकी वर्षं ज्यांना खरं सांगावं म्हणून मी आतल्या आत जळत होते, त्यांतली एक समोर बसून मला विनवत होती, की खरं सांगू नका. मला तिची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्हींतलं जास्त काय होतं ते मला सांगता येणार नाही.

"नाही, वन्सं," मी म्हटलं. "मी काही केलं नव्हतं. मला शिकवलं तसं मी बोलले."

"मग आमच्यात आहे?"

"ते मला माहीत नाही. ज्यांनी तपासलं त्यांनाही पुरतं माहीत नाही. तुमचं मूल कसं होईल ते कोणी सांगू शकत नाही, बहुतेक तर छानच होईल. पण झालंच असं, तर ते तुम्ही केलेलं नसेल. नोकरीनं नसेल, रडण्यानं नसेल. हे आत्ताच नीट ऐकून ठेवा. तेव्हा तुम्हाला हे कोणी सांगणार नाही. तेव्हा सगळे तुमच्याकडेच बोट दाखवतील, आणि सगळ्यात आधी तुमची आई."

उनोक रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. पेअरच्या फोडी करून तिच्यापुढे ठेवल्या. जाताना ती दारात बूट घालत म्हणाली, "तुम्ही खोटं बोलला असतात तर मला झोप लागली असती."

"हो," मी म्हटलं. "सगळ्यांना झोप लागावी म्हणूनच इतके दिवस बोलत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेंग मॅडमना फोन केला आणि त्यांनी सांगितलेल्या हॉस्पिटलचा दाखला घेऊन नोंद करून टाकली. कचेरीतल्या माणसानं शिक्का मारला, त्याला काहीच वाटलं नाही. सासूबाईंनी फोनवर मला कुळबुडवी म्हटलं, आणखीही पुष्कळ म्हटलं, आणि मग फोन करणंच बंद केलं. कीह्यॉन काही दिवस आईकडे जाऊन राहिला. मग एका संध्याकाळी परत आला, हात धुतले, जेवायला बसला. उनोकला मुलगा झाल्याचं आम्हाला मासळीवालीकडून कळलं. बाळाला शंभर दिवस झाले की घालतात त्या जेवणाला आम्हाला बोलावणं नव्हतं. बाळ कसं आहे ते मला ठाऊक नाही. मी कोणाला विचारत नाही, पण रोज मनात येतं.

बोराम आता लहान वर्गात जाते. एक वर्ष गेलं ते गेलंच, ते कोणी परत देत नाही. केस वाढले आहेत, पण वेणी घालू देत नाही. वर्ग सुटला की आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर बसतो. ती बाकाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा तिला लागते.

काल तिथे एक आजी आली. हातात मुळ्यांची जुडी, पाय दुखत असणार. मी उठून तिला माझी जागा दिली, पण तिचं समाधान झालं नाही. आधी मला, मग बोरामला निरखून ती म्हणाली, "थंडी आहे. पोरीला जरा जवळ घे की."

"तिला आवडत नाही, आजी."

"पोरीला जवळ घेत नाहीस? कसली गं आई तू?"

पूर्वी असतं तर मी मान खाली घालून हात मांडीवर ठेवले असते.

"बोरामची," मी म्हटलं.

आजी पुटपुटत मुळे सारखे करायला लागली. बोराम रस्त्यापलीकडच्या पाटीवरची अक्षरं वाचत होती, तिनं वळून पाहिलं नाही. बस आली तेव्हा ती आधी चढली, मग मी.